नळी काढली तर पाप लागतं का?

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकांवर हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो. आत पंच्याऐंशीची आई. सुधारणेची आशा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि मुलाला एकच भीती: 'आता नको' म्हटलं, तर आपणच आईला मारलं असं होईल. या भीतीमागे धर्म आहे, असं बहुतेकांना वाटतं. तो समज तपासून पाहायला हवा.

काहीही करून श्वास चालू ठेवा, अशी कॅथलिक चर्चची शिकवण असल्याचं अनेकजण मानतात. पोप बारावे पायस यांनी तर 1957 मध्येच भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं की, नेहमीचे उपचार करणं कर्तव्य आहे, असाधारण उपचारांची सक्ती नाही. हेतू वेदना शमवण्याचा असेल, तर आयुष्य थोडं घटण्याची शक्यता असलेलं औषधही देता येतं, हेही त्यांनी त्याच वर्षी स्पष्ट केलं. मॉर्फिन म्हणजे मरणाची सुई, या समजुतीपायी आपल्याकडची म्हातारी माणसं उगाच कण्हत राहतात, याचं फार वाईट वाटतं.

सल्लेखना, म्हणजे हळूहळू अन्न सोडत मरण स्वीकारण्याचं जैन व्रत, ही आत्महत्याच, हा दुसरा गैरसमज. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये तसा निकाल दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. जैन आचारशास्त्रात या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत. जगण्याची आस हा त्यांतला एक, आणि लवकर मरावं ही इच्छा हाही एक! जीवनाला कंटाळलेल्याला तिथे जागाच नाही. पवनारला 1982 च्या नोव्हेंबरात विनोबांनी अन्न आणि औषध नाकारलं, तेव्हा महाराष्ट्राने त्याला प्रायोपवेशन म्हटलं, आत्महत्या नव्हे.

पण सगळे धर्म एकच सांगतात, असंही नाही. अनेक ज्यू धर्मपंडितांना चालू व्हेंटिलेटर बंद करणं मान्य नाही. तो पुन्हा सुरू न करणं मात्र चालतं. म्हणून इस्राएलच्या 2005 च्या कायद्यात यंत्राला टायमर जोडण्याची वाट काढली गेली. मेंदू पूर्ण मृत झाल्यावर यंत्र काढता येतं, असा निर्णय इस्लामी फिकह अकादमीने 1986 मध्ये अम्मानला घेतला.

आपला कायदाही या बाबतीत आडवा येत नाही. मरणासाठी इंजेक्शन देणं गुन्हाच आहे. पण निरर्थक उपचार थांबवण्याची आणि तशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिली. 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यांसमोर हा कागद करता येतो. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं रुग्णाची स्थिती तपासतात.

घशात नळी असलेल्या माणसाच्या मुखात तुळशीपत्र आणि गंगाजल घालता येत नाही. आईला ते हवं असेल, तर तेही त्याच कागदावर लिहून ठेवता येतं. ती बोलू शकते तोवर तिला विचारा.