कबड्डीतील सीमारेषा

मावळात बेगडेवाडीसारख्या गावी कबड्डीचे मैदान फक्कीच्या रेघांनी आखतात. पुष्कळदा सामना त्या रेघांवरच ठरतो. पुरुषांचे क्रीडांगण 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते. त्यात दोन्ही बाजूंस एकेक मीटरची पट्टी असते, तिला राखीव क्षेत्र म्हणतात. झटापटीपूर्वी तेथे पाऊल पडले, की खेळाडू बाद. स्पर्श होऊन झटापट सुरू झाली, म्हणजे मात्र तीच पट्टी खेळास मोकळी होते. चढाई करणाऱ्यास मुद्दाम रेघेबाहेर ढकलले, तर ढकलणाराच बाद ठरतो, आणि हे न्याय्यच आहे. झटापटीत देह बाहेर गेला, तरी एखादा अवयव आतील भूमीस टेकलेला असल्यास खेळाडू वाचतो. ती टाच आत होती की बाहेर, हे धुरळ्यात क्षणार्धात पाहणे पंचास सोपे नसते.