वेगवान संगणकाला उशीर का होतो?

म्हैसूरला गेलेला मराठी पर्यटक राजवाडा पाहतो, चामुंडी टेकडीवर जाऊन येतो, म्हैसूरपाक बांधून घेतो आणि परततो. मानसगंगोत्रीच्या एका संस्थेकडे मात्र त्याचं सहसा लक्ष जात नाही. अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, लोकांच्या तोंडी ‘आयिश’. १९६५ सालची. बोलताना अडखळणाऱ्यांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना तपासणं, त्यांच्यावर उपचार करणं आणि हे काम करणारी माणसं घडवणं हा तिचा उद्योग.

या विद्येत एक जुना प्रयोग आहे. माणसाला हेडफोन लावायचा आणि तो बोलू लागला की त्याचाच आवाज त्याला जरासा उशिरा ऐकवायचा. हा उशीर सुमारे २०० मिलीसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा झाला, की एरवी घडाघडा बोलणाऱ्याची जीभ वळेनाशी होते. अक्षरं लांबतात, पुन्हा पुन्हा येतात, आवाज नकळत चढतो. बर्नार्ड ली या अमेरिकी संशोधकाने १९५० साली हे नोंदवलं. त्याहून नवल म्हणजे, मुळात अडखळत बोलणाऱ्या कित्येकांचं बोलणं याच उशिरामुळे सुधारतं! आपण तोंडाने बोलतो तेवढंच कानानेही बोलतो, हे याहून स्पष्ट कसं दिसावं?

घरच्या संगणकावर गाणं रेकॉर्ड करणारा प्रत्येक जण हाच प्रयोग नकळत स्वतःवर करत असतो. माइकमध्ये शिरलेला आवाज आकड्यांत बदलतो, संगणकातून फिरतो, पुन्हा आवाज होऊन हेडफोनमध्ये येतो. या फेरीला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. थोडा उशीर तर हवेतही होतोच. ध्वनी एका मिलीसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. तबलजी दीड मीटरवर बसला असेल, तर त्याची थाप गायकाला साडेचार मिलीसेकंदांनी ऐकू येते. तेवढ्याने कुणाचं बिघडत नाही. पण उशीर ५० मिलीसेकंदांवर गेला, की जणू तबलजी १७ मीटर लांब जाऊन बसला. लय तिथे सुटू लागते.

सेकंदाला अब्जावधी क्रिया करणाऱ्या यंत्राला एवढा वेळ का लागावा? मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. संगणक वेगवान आहे, पण वक्तशीर नाही. आवाजाचं काम चालू असताना मध्येच वाय-फाय हाक मारतं, डिस्कवर काही लिहायचं असतं, वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर मंद होतो. म्हणून आवाजाचा थोडा साठा करून ठेवावा लागतो. त्याला बफर म्हणतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखाच तो: पुरवठा क्षणभर थांबला तरी नळ चालू राहतो, पण टाकी जेवढी मोठी, तेवढं नळाला येणारं पाणी जुनं. टाकी रिकामी पडली की स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो. लिनक्सवाले त्याला एक्सरन म्हणतात.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने घेतले आणि बफर १,०२४ नमुन्यांचा ठेवला, तर एकट्या त्या साठ्याने २१ मिलीसेकंद खाल्ले. बफर १२८ चा असेल तर अवघे २.७. आत येताना एक साठा, बाहेर जाताना निदान आणखी एक, शिवाय आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करण्याचा वेळ; म्हणून प्रत्यक्ष उशीर याच्या दुप्पट-तिप्पट धरावा.

संगणक ‘ट्यून’ करणं म्हणजे टाकी लहान ठेवूनही ती कधी रिकामी पडू न देणं. त्यासाठी आवाजाच्या कामाला इतर कामांच्या पुढे जाण्याचा हक्क द्यायचा, त्याची मेमरी डिस्कवर ढकलली जाऊ द्यायची नाही, प्रोसेसरची वीजबचत थांबवायची, रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद ठेवायचं. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा, स्वतःचा एसिओ ड्रायव्हर वापरायचा. लिनक्समध्ये तर थेट गाभ्यालाच, म्हणजे कर्नललाच, वक्तशीरपणा शिकवण्याचं काम थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार आणि त्यांच्या सोबत्यांनी जवळजवळ वीस वर्षं केलं. ते २०२४ साली मूळ कर्नलमध्ये, ६.१२ या आवृत्तीत, सामावलं गेलं. या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार आहे. सरासरी वेग वाढवणं तुलनेने सोपं. सर्वांत वाईट क्षणीसुद्धा वेळ पाळणं फार अवघड.

तुम्हाला हे करून पाहायचं असेल, तर महागडा संगणक घेण्याआधी आहे त्याच यंत्रावर बफर १२८ वर ठेवा आणि नेहमीची सगळी वाद्यं, सगळे इफेक्ट लावून तासभर वाजवा. एकदा जरी ‘टक्’ ऐकू आलं, तर वीजबचत आणि वाय-फाय तपासा. तरीही थांबलं नाही तर २५६ करा. आणि हेडफोन तारेचाच घ्या. साधा ब्लूटूथ हेडफोन एकटाच शंभराहून अधिक मिलीसेकंद उशीर करू शकतो, आणि त्यावर बाकीच्या कुठल्याही ट्यूनिंगचा इलाज चालत नाही.