खालचा वारा खरा नव्हे!

डीजेआयच्या मिनी ३ ड्रोनच्या माहितीपत्रकात वाऱ्याची मर्यादा दिलीय सेकंदाला १०.७ मीटर. सरळ १० किंवा ११ का नाही? कारण ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये आखलेल्या वाऱ्याच्या श्रेणीत पाचवी पायरी बरोबर तिथंच संपते. ओळखायची खूण सोपी : पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागतात. झाड डोललं की ड्रोन बॅगेतच बरा.

पण झाडं स्तब्ध असली तरी निर्धास्त होऊ नका. हवामानाच्या अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटरवरचा असतो आणि आपल्याकडे परवानगी न लागणाऱ्या ग्रीन झोनमध्ये ड्रोन १२० मीटरपर्यंत नेता येतो. मोकळ्या माळावरही तिथला वारा सहज दीडपट भरतो. सह्याद्रीच्या कड्यांवर तर हिशेबच नको! पावसाळ्यात नाणेघाटात कोसळणारं पाणी वारा उलटं वर भिरकावतो. तिथं २४९ ग्रॅमहून हलक्या यंत्राची काय कथा? कडा ओलांडला की हवा गरगरते, ते वेगळंच.

कोकणात पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ड्रोन पाण्यावर भुर्रकन जातो आणि खरी परीक्षा येताना होते. ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर असताना वारा ८ चा असला, तर परतीला हाती उरतात फक्त २. जाताना अर्ध्या मिनिटात कापलेला अर्धा किलोमीटर येताना चार मिनिटं खातो, आणि बॅटरी तेवढी थांबेलच असं नाही. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं, येताना वारा पाठीशी घ्यावा.

हवामान सूर्यावरचंही पाहायचं! मे २०२४ च्या सौरवादळात अमेरिकेत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत अडले होते. ड्रोनही त्याच जीपीएसच्या भरवशावर एका जागी तरंगतो. त्यासाठी केपी निर्देशांक बघतात. तो ५ झाला की चुंबकीय वादळ सुरू.

उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, मिनी ३ ची मर्यादा मात्र ४० अंश. बॅटरी तापतेच, शिवाय तापलेली हवा विरळ होऊन पंख्यांना उचल कमी मिळते. मंगळावर नासाच्या ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरपुढं हाच पेच होता. २०२१ मध्ये ऋतू पालटला, मुळातच विरळ असलेली हवा आणखी विरळ झाली आणि पंख्यांचे मिनिटाला २,५०० च्या आसपासचे फेरे २,७०० वर न्यावे लागले!