भरती नाही, तरी पळायचं

बेंबळीच्या रस्त्यावर पहाटे कुणी पळताना दिसलं की समोरून येणारा माणूस हमखास विचारतो, "काय, भरतीला उतरायलाव का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपल्याकडं पळणं आणि भरती हे शब्द जोडीनंच येतात. धाराशिव तालुक्यातलं हे गाव घ्या, नाहीतर लातूर-बीडकडचं कुठलंही. अंधारात पळणारं पोरगं पोलीस भरतीचं नाहीतर सैन्य भरतीचं असणार, हे सगळ्यांनी धरलेलंच असतं. मग पस्तिशीतला शिक्षक, सकाळच्या एसटीनं धाराशिव गाठणारा कारकून किंवा दुकान उघडण्याआधी तासभर मोकळा असलेला किराणावाला पळायला निघाला, की लोक थांबून बघतात. त्या बघण्यानंच अनेकांचे पाय दुसऱ्या आठवड्यात घरी वळतात.

पळण्याबद्दलचे आपले बहुतेक गैरसमज मला इथंच उगवलेले दिसतात. भरतीचं पळणं ही परीक्षा असते. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असे मिळून ५० गुण. सोळाशेचे पूर्ण २० गुण हवे असतील तर मुलांना ते ५ मिनिटं १० सेकंदांत संपवावं लागतं, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग. तिथं जीव तोडून पळण्याला पर्याय नाही. पण कामावर जाण्याआधी तब्येतीसाठी पळणाऱ्यानंही तेच माप हातात घेतलं की त्याचं पळणं लवकरच बंद पडतं. माझंही पहिल्यांदा तेच झालं. चार दिवस भरतीच्या पोरांच्या मागं पळालो, पाचव्या दिवशी नडगीवर बोट ठेववेना, आणि पुढचे तीन आठवडे पळणं बंद.

"दम लागल्याशिवाय ते पळणं कसलं?"

हा सगळ्यात महागात पडणारा समज. रोजच्या पळण्याचा वेग ठरवायला घड्याळ लागत नाही. शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर वेग जास्त. नव्या माणसाचं हे पळणं जोरात चालण्याच्या जरासंच पुढं असतं आणि ते तसंच असायला हवं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायूबंध आणि हाडं हळू तयार होतात. दम पुरतोय म्हणून माणूस वेग वाढवतो आणि नडगी नाहीतर टाच धरते, त्याचं कारण हेच.

अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक प्रौढांवर सरासरी १५ वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. न पळणाऱ्यांच्या तुलनेत पळणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणानं मृत्यू येण्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदयविकार व रक्तवाहिन्यांच्या आजारांनी मृत्यू येण्याचा धोका ४५ टक्क्यांनी कमी आढळला. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. रोज पाच-दहा मिनिटं, तेही ताशी साडेनऊ किलोमीटरपेक्षा कमी वेगानं पळणाऱ्यांनाही मोठा फायदा दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे; पळणारी माणसं इतर बाबतींतही तब्येतीला जपणारी असू शकतात, हे लक्षात ठेवूनच तो वाचायचा. तरी 'पाच किलोमीटर होत नाही, मग काय उपयोग' असं म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेसं आहे.

सुरुवात करणाऱ्यानं एक मिनिट पळावं, दोन मिनिटं चालावं, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. दोन-तीन आठवड्यांनी पळण्याचं मिनिट वाढवावं, चालण्याचं कमी करावं. चालायला थांबणं म्हणजे हरणं, हा विचार भरतीच्या मैदानावरचा आहे. तो तिथंच ठेवावा.

"गुडघे जातेत की वो"

पारावर बसलेली वडीलधारी मंडळी हे कळकळीनं सांगतात, कारण त्यांनी गुडघेदुखी जवळून पाहिलेली असते. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, टायरसारखी वापरून झिजत जाते असं आपण मनात धरलेलं असतं. पण टायर निर्जीव, कूर्चा जिवंत. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो आणि सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. म्हणजे माफक हालचाल ही तिची गरज आहे.

आकडेही तेच सांगतात. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौशी पळणाऱ्यांमध्ये ३.५ टक्के, न पळणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि अव्वल स्पर्धांमध्ये उतरणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळला. ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहतात, असाही याचा काही भाग असू शकतो. पण पळण्यानं गुडघे हमखास जातात, हे म्हणणं या आकड्यांपुढं टिकत नाही. वजन खूप जास्त असेल, गुडघ्याला जुनी दुखापत किंवा सूज असेल, तर मात्र आधी डॉक्टर, मग काही महिने चालणं, आणि पळणं त्यानंतर. उठाबशांनी मांड्या बळकट केल्या तर गुडघ्यावरचा ताण आणखी हलका होतो.

"एकवीस दिवस कळ काढा, सवय लागती"

एकवीस दिवसांचा हा आकडा आता मोबाइलवरून गावोगाव पोचलाय. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. सांगोवांगी त्यातला 'निदान' गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी गोष्ट अंगवळणी पाडायला सांगून हे प्रत्यक्ष मोजलं. सवय आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसामाणसातला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्यासारखी साधी गोष्ट लवकर रुळली, व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणजे बाविसाव्या दिवशी अंथरूण सोडवत नसेल तर तुमच्यात काही खोट नाही. एखादा दिवस चुकल्यानं सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यातच दिसलं. लग्नसराई, पेरणी, यात्रा, घरातलं दुखणंखुपणं यांतून आपले दिवस चुकणारच. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट पळू नये, एवढं सांभाळावं.

सवय कशाला तरी बांधलेली असली की टिकते. उठलं, तोंड धुतलं, बूट घातले. यात 'जाऊ का नको' हा प्रश्न येऊच द्यायचा नाही. कपडे आणि बूट रात्रीच उशाशी काढून ठेवायचे. पहाटेच पळावं असा शरीरशास्त्राचा काही नियम नाही, संध्याकाळी पळूनही फायदा तोच. पण संध्याकाळी साहेब थांबवून घेतात, एसटी उशिरा येते, पाहुणे येतात. पहाट तेवढी आपली असते.

पण ती झोपेतून कापून घ्यायची नाही. रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल आणि पाचला गजर, असं करणारे आठवडाभरात थकतात आणि दोष पळण्याला देतात. प्रौढाला सात तास तरी झोप लागते. पाचला उठायचं तर दहाच्या आत दिवा मालवायला हवा, आणि त्यासाठी घरातल्या जेवणाची वेळ हलवावी लागते. माझ्या अनुभवात पहाटेच्या पळण्यातली अवघड गोष्ट ही आहे. पळणं त्यामानानं सोपं.

काही समज दोन-दोन ओळींत निपटण्यासारखे आहेत. अंगात जाड जर्किन घालून घाम गाळला की चरबी जळते, हे खोटं. घामानं जातं ते पाणी, आणि तांब्याभर पाणी प्यालं की वजन परत. उपाशीपोटी पळलं तरच चरबी उतरते, हेही नाही. २०१४ साली वीस तरुणींवर चार आठवडे केलेल्या छोट्या प्रयोगात उपाशी आणि खाऊन व्यायाम करणाऱ्या गटांत वजन-चरबीचा फरक दिसला नाही. अर्ध्या तासासाठी उपाशी जायला हरकत नाही, चक्कर येत असेल तर केळं खावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी पळू नये. पळाल्यावर पाणी पिऊ नये, हा तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घातक सल्ला आहे. आणि जागेवर ताणून धरायचे व्यायाम आधी केले की दुखापत होत नाही, असं मानतात. ऑस्ट्रेलियन सैन्याच्या १,५३८ नव्या जवानांवर तसा प्रयोग झाला, त्यात ताणणाऱ्यांच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. पाच मिनिटं जोरात चालून अंग गरम करणं अधिक कामाचं.

"पळताना अटॅक येतो"

भरतीच्या मैदानावर तरणंताठं पोरगं कोसळल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात, म्हणून ही भीती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळालेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावकांची नोंद तपासली गेली. त्यात ५९ जणांचं हृदय अचानक थांबलं, ४२ दगावले. म्हणजे हृदय थांबण्याचं प्रमाण साधारण १ लाख ८४ हजारांत एक. धोका आहे, पण फार लहान. सवय नसलेल्या माणसानं एकदम जीव तोडून पळणं हे त्यातलं खरं धोक्याचं. नियमित, हळूहळू वाढवलेल्या व्यायामानं तोच धोका कमी होत जातो.

पळण्याचा अमेरिकेत प्रसार करणारे जिम फिक्स १९८४ साली ५२व्या वर्षी पळतानाच गेले, तेव्हा जगभर पळण्याला बोल लागला. त्यांचे वडील ४३व्या वर्षी हृदयविकारानंच गेले होते आणि फिक्स स्वतः तरुणपणी भरपूर सिगारेट ओढत, हे मागं पडलं. घरात कमी वयात असा मृत्यू झाला असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, तंबाखू असेल, चाळिशी उलटली असेल, तर सुरू करण्याआधी तपासून घ्या. पळताना छातीत दाब आला, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. 'पित्त असेल' म्हणून घरी जाऊन झोपायचं नाही.

"पहाटेची हवा म्हणजे औषध"

बऱ्याचदा खरं, पण हिवाळ्यात नाही. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर न चढता तिथंच बसते आणि धूर तिच्यात अडकून राहतो. पाचट पेटवलेलं असेल, चुली आणि कचरा पेटलेला असेल, तर त्या दिवशी उजाडल्यावर पळावं किंवा दुसऱ्या बाजूचा रस्ता धरावा. आपल्याकडं जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मेअखेरीस सहाच्या आत. म्हणून वर्षभर पाचचाच गजर लावण्यात अर्थ नाही. ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या धावतात; फिकट रंगाचा सदरा घाला, उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा, कानातले इअरफोन घरी ठेवा. कुत्री मागं लागली तर पळू नका, थांबून हळू चालत निघा. चावलंच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायची.

"बायकांनी पळू नये, पिशवी सरकते"

गर्भपिशवी पळण्यानं जागा सोडत नाही, आणि पाळीत बरं वाटत असेल तर पळायला हरकत नसते. ही समजूत आपल्याच गावची आहे असंही नाही. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर पळाल्यावर त्या कोसळल्याची रंगवलेली वर्णनं छापून आली, आणि ती शर्यत त्यांच्यासाठी १९६०पर्यंत बंद राहिली. मॅरेथॉन त्यांना मिळाली ती १९८४ साली. त्याच जगात पुढं माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. साठी ओलांडलेल्या लता करे नवऱ्याच्या उपचारांचे पैसे हवेत म्हणून बारामतीच्या स्पर्धेत नऊवारीत पळाल्या आणि जिंकल्या. गरजेपोटी असं पळावं लागणं कुणाच्या वाट्याला येऊ नये, पण वय आणि लुगडं आड येतं म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर देऊन ठेवलंय. आपल्या धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तीही याच मातीत पळून.

बायकांची खरी अडचण शरीरात नाही. पहाटेचं पाणी, डबे आणि अंधारातल्या नजरा यांची आहे. दोघी-तिघी मिळून निघाल्या तर नजरांचं ओझं कमी होतं. डब्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी उचललं तरच अर्धा तास निघतो, आणि ते उचलण्यासारखं काम आहे.

"शेतात राबतोय की, वेगळं कशाला?" असं विचारणाऱ्याचं बरोबर असतं, तो खरंच राबत असेल तर. खुरपणी, उसाला पाणी देणं, कडब्याच्या पेंढ्या वाहणं यात शरीर भरपूर चालतं. पण ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून शेतावर असूनही बसून जाणारे दिवस वाढलेत. खुर्चीवरच्या नोकरीवाल्यांचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं जोरात चालण्याइतका किंवा ७५ मिनिटं पळण्याइतका व्यायाम सांगते. ७५ मिनिटं म्हणजे पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या तीन पहाटा.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते भरतीतून बाहेर पडलेल्या पोरांचं. पोलीस शिपायासाठी खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३ ही वयाची मर्यादा. ती उलटली की चार-पाच वर्षं न चुकता पहाटे उठलेलं पोरगं एका दिवसात पळणं सोडून देतं, कारण आता पळून मिळवायचं काही नाही असं त्याला वाटतं. पोट सुटतं, झोप बिघडते, पुढं रक्तदाब निघतो. त्यातलाच एकजण, आता दुकान चालवणारा, गेल्या हिवाळ्यात माझ्याबरोबर यायला लागला. पहिल्या दिवशी किलोमीटरला आठ मिनिटं लागली तेव्हा त्यानं दोनदा घड्याळ बघितलं. "एवढं हळू पळून काय व्हतंय, सर?" मी म्हटलं, बोलत राहा. मग तो त्याच्या तिसऱ्या भरतीचं सांगत बसला, सोळाशेला चार सेकंद कसे कमी पडले ते, नंतर दुकानाचं, मग धाकटीच्या शाळेचं. येशीपाशी परत आलो तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं आणि त्याचं सांगणं अजून संपलं नव्हतं.