बाळंतपणानंतरची साखर

बाळंतपण सुखरूप पार पडले की गर्भारपणातील मधुमेहही संपला, असे घरोघरी धरून चालतात. वार पडताच तिच्या संप्रेरकांचा इन्शुलिनला होणारा विरोध ओसरतो व साखर बहुधा उतरते, हे खरे. पण स्वादुपिंडाचे दौर्बल्य मागे उरू शकते. अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव इतरांहून सुमारे सातपट असल्याचे २००९ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसून आले.

म्हणून ६ आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून, दोन तासांनी पुन्हा रक्त तपासावयाचे असते. नेमकी हीच तपासणी चुकते. बंगळूरच्या महादेवपुरा भागात बिऱ्हाड केलेली मराठी सून पहिल्या खेपेस पुण्याला वा सोलापूरला माहेरी येते. केसपेपर माहेरीच राहतात आणि ती बाळासह परतते. शिवाय या तपासणीस उपाशीपोटी जावे लागते, आणि बाळंतिणीला उपाशी ठेवणे कोणत्या आजीला रुचेल?

बाळाची दीड महिन्याची लस मात्र सहसा चुकत नाही. ती याच सुमारास येते. त्याच फेरीत आईचेही रक्त देता येते. निकाल निर्दोष आला तरी वर्षातून एकदा, आणि पुढील गर्भधारणेपूर्वी आवर्जून, साखर पाहावी लागते.