गांधीलमाशीकडून बिनतारी धडे

वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं दिसलं, की आपण दारं-खिडक्या लावून धुराच्या तयारीला लागतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक राघवेंद्र गदगकर यांनी मात्र अशा पोळ्यांचं कित्येक दशकं निरीक्षण केलं.

‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ या जातीची राणी मोठी शांत असते. अन्न आणायला कुणी जायचं, याचे हुकूम ती सोडत नाही; कामकरी माश्याच ते आपापसांत ठरवतात. राणी नाहीशी झाली, तर काही मिनिटांतच एक कामकरी पुढे सरसावते आणि आठवडाभरात अंडी घालू लागते. तिलाही काढलं, तर पुढची तयार! वारसावरून भांडण नाही, की पोळं मोडणं नाही.

आता आपला मोबाइल पाहा. समोरच्या घरी फोन लावला, तरी आवाज आधी टॉवरकडे जातो. महापुरात टॉवर बंद पडला, की सारं गाव मुकं! म्हणूनच संशोधक टॉवरशिवाय चालणाऱ्या जाळ्यांच्या मागे लागले. त्यांत प्रत्येक यंत्र शेजारच्या यंत्राकडे निरोप सोपवतं.

पण निरोपाला वाट कोण दाखवणार? इथे मुंग्या उपयोगी पडल्या. जवळच्या वाटेवर मुंग्यांची ये-जा जास्त, म्हणून त्यांनी सोडलेला गंधही दाट. न वापरलेल्या वाटेवरचा गंध उडून जातो. याच तत्त्वावर जानी दि कारो आणि मार्को दोरिगो यांनी १९९८ मध्ये संगणकांच्या जाळ्यासाठी ‘अँटनेट’ ही पद्धत मांडली. पुढे ती कल्पना फिरत्या बिनतारी यंत्रांसाठीही वापरली गेली.

दुसरा धडा माणसांच्या गोतावळ्याचा. अमेरिकेत स्टॅनली मिलग्रॅम यांनी अनोळखी माणसाला केवळ ओळखीपाळखीतून पत्र पोचवायला लोकांना सांगितलं. १९६७ मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. जी पत्रं पोचली, ती साधारण पाच-सहा हातांतूनच! आपल्या बहुतेक ओळखी गल्लीतल्या असतात, पण एखादा मामेभाऊ परगावी असतोच. अशा मोजक्या लांबच्या धाग्यांनी जग जवळ येतं, हे डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये गणिताने दाखवलं. बिनतारी जाळ्यातही थोडे लांब पल्ल्याचे दुवे ठेवले, तर निरोपाचे टप्पे घटतात.

एक पेच मात्र उरतो. दुसऱ्याचा निरोप पुढे नेताना आपली बॅटरी खर्च होते. पोळ्यातल्या माश्या बहुतेक एकमेकींच्या नात्यातल्या. फोन मात्र परक्यांचे. पुराच्या रात्री आपल्या बॅटरीतला थोडा वाटा आपण अनोळखी शेजाऱ्याला देऊ का? हा प्रश्न अभियंत्यांइतकाच आपलाही आहे.