सेकंद आणि सेकंड

मराठीत सेकंद वेगळा आणि सेकंड वेगळा. शर्यत दहा सेकंदांत संपते, लोकलचा पास मात्र सेकंड क्लासचा असतो. ‘द’च्या जागी ‘ड’ आला की विषयच बदलतो. मराठीने ही वाटणी इतक्या बिनबोभाटपणे करून टाकली की मुळात हा एकच शब्द आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इंग्रजीला ही सोय नाही. तिथे घड्याळाचा सेकंद काटा आणि जुन्या बाजारातली सेकंड हँड वस्तू यांची अक्षरे सारखीच. कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भावरून ठरवायचे.

पण काळाच्या एका मापाला ‘दुसरा’ असे नाव का पडावे? मग पहिला कोण?

पहिला म्हणजे मिनिट. प्राचीन बाबिलोनी लोक साठच्या पटीत गणित करत. ती पद्धत पुढे ग्रीक खगोलशास्त्रज्ञांनी उचलली आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीने वर्तुळाचे ३६० अंश करून प्रत्येक अंशाचे साठ व त्या प्रत्येकाचे पुन्हा साठ भाग केले. लॅटिनमध्ये या भागांना ‘पार्स मिनुटा प्रिमा’ म्हणजे पहिला बारीक भाग, आणि ‘पार्स मिनुटा सेकुंडा’ म्हणजे दुसरा बारीक भाग, अशी लांबलचक नावे मिळाली. बोलताना ती झिजली, आणि झिजली तीही गमतीशीर रीतीने. पहिल्या नावातले ‘पहिला’ गळाले आणि ‘बारीक’ उरले, तेच मिनिट. दुसऱ्यातले ‘बारीक’ गळाले आणि ‘दुसरा’ उरले, तो सेकंद.

हे भाग आधी कोनाचे होते, तासाचे नंतर झाले. इसवी सन १००० च्या सुमारास अल्-बिरुनी या खगोलशास्त्रज्ञाने अमावास्येच्या वेळा तास, मिनिटे, सेकंद आणि त्याही पुढे तिसऱ्या-चौथ्या भागांपर्यंत मांडल्या होत्या. तिसरा भाग, म्हणजे सेकंदाचा साठावा हिस्सा, पुढे व्यवहारातून नाहीसा झाला. आज सेकंदाखाली दशांश-शतांश चालतात. साठचा हिशेब आपल्याकडेही परका नाही. अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला. पंचांगातल्या घटिकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे. घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ तर सेकंदाच्या निम्म्याहूनही लहान.

कोनाचा सेकंद नकाशात अजून टिकून आहे. अक्षांशातला एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. एखाद्या ठिकाणाचे अंश-मिनिटे बरोबर लिहिले आणि सेकंद सोडून दिले, तर माणूस मैलभर भरकटू शकतो.

कागदावर असलेला हा सेकंद कित्येक शतके कुणाला धड मोजता येत नव्हता. युरोपातल्या सुरुवातीच्या यांत्रिक घड्याळांना तासकाटा पुरे असे, कारण घड्याळच दिवसाकाठी बरेच मागेपुढे व्हायचे. १६५६ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने लंबकाचे घड्याळ तयार केले आणि चित्र पालटले. सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांबीचा लंबक एका बाजूकडून दुसरीकडे जायला बरोबर एक सेकंद घेतो. उंच, उभ्या लाकडी घड्याळांचा आकार त्या लांबीवरूनच ठरला. १७०७ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या वैद्याने नाडी मोजण्यासाठी खास घड्याळाचा पुरस्कार केला. सेकंद तेव्हा ग्रहताऱ्यांकडून रुग्णाच्या मनगटापर्यंत आला.

‘दुसरा’ या अर्थाचा संसार याहून मोठा आहे. या शब्दामागचे लॅटिन क्रियापद ‘मागोमाग जाणे’ असे सांगते. म्हणून सेकंड म्हणजे मागून येणारा. हा शब्द फ्रेंचमार्गे येण्याआधी इंग्रजीत ‘अदर’ हाच दुसऱ्यासाठी चालत असे. मग पाठीराखाही सेकंड झाला. द्वंद्वयुद्धात लढणाऱ्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस सेकंड, मुष्टियुद्धात कोपऱ्यात पाणी-टॉवेल घेऊन बसणारा सेकंड. सभेत ठराव ‘सेकंड’ करणे म्हणजे अनुमोदन. सोसायटीच्या इतिवृत्तात सूचकाच्या खाली अनुमोदकाचे नाव येते ते याच प्रथेने. कापडबाजारात किरकोळ दोष असलेला माल ‘सेकंड्स’ म्हणून स्वस्तात विकला जातो. तोच शब्द इंग्रजी पंगतीत आला की दुसऱ्यांदा वाढून घेणे असा अर्थ होतो, आणि तिथे त्यात कमीपणा नसतो.

बोलण्यातला सेकंद तर कुठल्याच मापात बसत नाही. फोनवर ‘एक सेकंद हं’ म्हणणारा माणूस शेजाऱ्याशी बोलून, दूध गॅसवरून उतरवून परत येतो आणि त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. खरा सेकंद किती मोठा असतो ते पी. टी. उषाला विचारावे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत तिची वेळ ५५.४२ सेकंद, तिसऱ्या आलेल्या धावपटूची ५५.४१.

शास्त्रज्ञांना तर तोही सेकंद ढोबळ वाटतो. दिवसाचा ८६,४०० वा भाग ही जुनी व्याख्या निकामी ठरली, कारण पृथ्वीचे फिरणे एकसारखे नसते. १९६७ पासून सेकंद सीझियमच्या अणूवर ठरतो: त्यातून येणाऱ्या विशिष्ट लहरींची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. अणूचे घड्याळ आणि पृथ्वी यांची फारकत होऊ नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून जास्तीचा ‘लीप सेकंद’ घातला जातो. असे २७ घातले गेले. शेवटचा भारतीय वेळेनुसार १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर. त्या मिनिटाला ६१ सेकंद होते.

पंचांगातल्या अधिक महिन्याचे हे अगदी चिमुकले भावंड, पण संगणकांना ते झेपत नाही. २०१२ मधल्या लीप सेकंदाने अनेक संगणक यंत्रणा अडखळल्या होत्या. अखेर २०२२ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ही पद्धत २०३५ पर्यंत बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. दरम्यान सीझियमच्या जागी दुसरा अणू घेण्याची तयारी चालू आहे. स्पर्धेत असलेल्या स्ट्रॉन्शियमच्या घड्याळात प्रकाशलहरी एका सेकंदात सुमारे ४२९ लाख कोटी वेळा आंदोलतात, म्हणजे सीझियमच्या ४६ हजार पटींहून अधिक.